गजाची उडी किती उंच?

कुणकेश्वरच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी क्रिकेट रंगते. उजेड कमी झाला, चेंडू दिसेनासा झाला, की पोरे बांधावर येऊन बसतात आणि वाद घालतात. आमच्या लहानपणी हे वाद सचिन मोठा की लारा मोठा, असे असत. आता ते मोबाईलवरच्या खेळांतील पात्रांविषयी असतात. परवा अशाच एका वादात मला पंच नेमण्यात आले. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी कळायलाच हव्यात, असा मुलांचा समज आहे.

"सर, तुमीच सांगा," एकजण म्हणाला, "गज एवढो मोठो. तो मोर-नीएवढी उडी कसो मारतलो? हत्ती कधी उडी मारता काय?"

"मोठो आसा म्हणानच मारतलो!" दुसऱ्याने त्याला तोडले. "दुप्पट उंच, तर दुप्पट उडी."

तिसरा प्रश्न अकरावीतल्या एका मुलीचा होता आणि त्यात थोडा राग होता. "मी मोर-नी घेतंय. ह्ये म्हणतत, ती हलकी, तिका मोठी बंदूक झेपाची नाय, तू मागेच रव. खरा काय ता सांगा."

मित्रांनो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतात. पण आधी हा खेळ कोणता, हे सांगायला हवे.

खेळाचे नाव 'इंडस'. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने तो तयार केला आणि २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात तो सर्वांना खुला झाला. त्यातील कथा विज्ञानकथेच्या धर्तीची आहे. विरलोक नावाचे एक बेट आहे. तेथे एके काळी यक्ष नावाच्या प्रगत जमातीची वस्ती होती. बेटावर 'कॉस्मियम' नावाचे दुर्मिळ खनिज सापडते आणि त्यासाठी खेळाडू एकमेकांशी झुंजतात. खेळाडूने घ्यायच्या पात्रांपैकी 'बिग गज' आणि 'मोर-नी' ही दोन. पहिल्याच्या नावातच हत्ती आहे. दुसरे पात्र आपल्या राष्ट्रीय पक्ष्यावरून, म्हणजे मोरावरून, सुचलेले आहे. (यक्ष मराठी विज्ञानकथेला नवे नाहीत. डॉ. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह १९७९ साली प्रसिद्ध झाला होता.)

अशा खेळातील पात्राचा 'गुण' म्हणजे काय असते? संगणकात ठेवलेला एक आकडा. वेग इतका, उडी इतकी, सोसण्याची ताकद इतकी. खेळ रचणाऱ्याने हे आकडे ठरवायचे. त्याला वाटले तर तो पर्वताएवढ्या देहाला पिसाची चपळाई देईल, त्याला अडवणारे कोणी नाही. निसर्गात मात्र असे करता येत नाही. तेथे एक आकडा बदलला की दुसरे अनेक आकडे आपोआप बदलतात. गजाची उंची वाढवली की त्याचे वजन, ताकद, हाडांवरचा ताण, भूक आणि घाम हे सगळे वाढते, आणि प्रत्येक गोष्ट वेगळ्या पटीत वाढते. मुलांचा वाद खरे म्हणजे येथेच होता. खेळाच्या जगात नसलेला निसर्गाचा नियम ते तेथे लावू पाहत होते. मला हे फार आवडले. आपणही तेच करून पाहू. खेळ रचणारे आपले आकडे वेळोवेळी बदलत असतात, म्हणून आपण खऱ्या खेळातले आकडे न घेता सोयीचे आकडे कल्पनेने घेऊ.

दुप्पट उंचीचा माणूस

समजा, एक माणूस १.७ मीटर उंच आहे आणि त्याचे वजन ६० किलो आहे. आता त्याच्याच बांध्याचा, पण दुप्पट उंचीचा, म्हणजे ३.४ मीटरचा गज तयार करू. गज दुप्पट उंच आहे, दुप्पट रुंद आहे आणि दुप्पट जाडही आहे. म्हणून त्याचे घनफळ २ × २ × २, म्हणजे ८ पट झाले. हाडामांसाची घनता तीच असल्यामुळे वजनही ८ पट, म्हणजे ४८० किलो.

पण हे वजन पेलणाऱ्या हाडांचे काय? खांब किती भार घेईल, हे त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. गजाच्या मांडीचे हाड दुप्पट रुंद आणि दुप्पट जाड आहे, म्हणजे त्याचे छेदक्षेत्र ४ पट. भार ८ पट आणि क्षेत्र ४ पट, म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट ताण! हे कसे वाटेल, याची कल्पना करायची असेल, तर साध्या ६० किलोच्या माणसाच्या पाठीवर ५० किलोचे सिमेंटचे पोते ठेवा आणि त्यावर १० किलो तांदूळ ठेवा. ते ओझे त्याने दिवसभर उतरवायचे नाही. क्रिकेट खेळतानासुद्धा नाही.

हाच प्रयोग आपल्या पुळणीवर पाहता येईल. माणसाच्या दोन्ही तळव्यांचे मिळून क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर धरले, तर उभे असताना वाळूवर दर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम भार पडतो. गजाचे तळवे १२०० चौरस सेंटिमीटरचे. त्यावर ४८० किलो भागिले, तर ४०० ग्रॅम येतात. तळवे एवढे मोठे असूनही गजाचा पाय ओल्या वाळूत जास्त खोल रुतेल. पाठलाग करणाऱ्याची मोठीच सोय!

उंची वाढते तसे क्षेत्रफळ वर्गाच्या आणि घनफळ घनाच्या प्रमाणात वाढते, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडली. मोठ्या प्राण्याची हाडे लहान प्राण्याच्या हाडांची नुसती वाढवलेली प्रत असून चालणार नाही, ती प्रमाणाबाहेर जाड हवीत, हे त्याने चित्र काढून दाखवले. हत्तीचे पाय खांबासारखे का, याचे उत्तर तेथे आहे. आपल्याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, २००२ सालापासून कर्नाटकातून रानटी हत्ती येऊ लागले. ज्यांनी ते पाहिले आहेत त्यांना विचारा. हत्ती वेगाने येतो, ताशी सुमारे २५ किलोमीटरपर्यंत जातो, पण तेव्हाही त्याचा निदान एक पाय जमिनीवर असतो. घोड्यासारखे चारही पाय हवेत घेऊन तो दौडत नाही. पूर्ण वाढलेला हत्ती उडी मारत नाही.

म्हणजे पहिला मुलगा जिंकला? थांबा!

उडी कोठून मोजायची?

उडी मारताना आपण गुडघे वाकवतो आणि स्नायूंच्या जोराने शरीर वर फेकतो. स्नायूचा जोर त्याच्या छेदक्षेत्रावर अवलंबून असतो, म्हणून गजाचा जोर ४ पट. हा जोर जेवढ्या अंतरातून लागतो ते अंतर, म्हणजे गुडघे वाकवून पुन्हा सरळ होईपर्यंतची चाल, गजाच्या बाबतीत दुप्पट. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. तेव्हा गजाने केलेले कार्य ४ × २ = ८ पट झाले. आणि उचलायचे वजनही ८ पटच! दोन्ही आठ एकमेकांना छेदून गेले. उरले काय? गज आपले शरीर जितके वर उचलेल, ती उंची साध्या माणसाइतकीच येईल. दुप्पट नाही आणि निम्मीही नाही.

इटलीच्या बोरेल्लीने सतराव्या शतकातच हा हिशेब केला होता. तो ढोबळ आहे, पण आश्चर्य वाटावे इतका खरा उतरतो. दोन मिलिमीटरची पिसू सुमारे २० सेंटिमीटर उंच उडते. चांगला खेळाडू जागच्या जागी उडी मारून आपला गुरुत्वमध्य अर्धा मीटर किंवा थोडा अधिक वर नेतो. दोघांच्या आकारात आठशे-नऊशे पटींचा फरक आहे, उडीत मात्र दोन-तीन पटींचाच. "पिसू माणसाएवढी असती तर तिने डोंगर ओलांडला असता," असे वाक्य पुष्कळ पुस्तकांत वाचायला मिळते. ते चुकीचे आहे.

मग गज आणि साधा माणूस यांची बरोबरी झाली का? तेही तुम्ही काय मोजता त्यावर आहे. क्यूबाच्या हावियेर सोतोमायोरने १९९३ साली २.४५ मीटर उंचीची दांडी ओलांडली. पण तो २.४५ मीटर 'उडाला' नव्हता. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य मुळातच जमिनीपासून सुमारे एक मीटर वर असतो, उरलेले अंतरच काय ते पायांनी मिळवायचे. गजाचा गुरुत्वमध्य आधीच दोन मीटर वर आहे. तेव्हा कुंपण ओलांडायचे असेल तर गज सहज जिंकेल. तळवे जमिनीपासून किती सुटले हे मोजायचे असेल तर बरोबरी. आपल्या उंचीच्या किती पट उडी मारली हे मोजायचे असेल तर गज हरेल, कारण त्याची उंची दुप्पट आणि उडी तेवढीच. एकाच उडीची तीन उत्तरे आली आणि तिन्ही बरोबर आहेत! दोन्ही मुले तासभर भांडत होती, पण 'उंच उडी' म्हणजे काय मोजायचे, हे कोणीच ठरवलेले नव्हते.

गज हत्तीच्या बांध्याचा मानला, तर मात्र तो उडणारच नाही, हे वर आलेच आहे. आपला हिशेब माणसाच्या बांध्याचा होता.

आकाशातून उतरताना

'इंडस'सारख्या खेळांत सुरुवातीला सगळे खेळाडू आकाशातून बेटावर उतरतात. येथेही एक वाद निघाला. जड पात्र लवकर खाली येईल, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याने लगेच गॅलिलिओ पुढे केला: जड आणि हलकी वस्तू बरोबरच पडतात! पुस्तकात आहे!

पुस्तकात आहे खरे, पण ते हवा नसताना. हवेत पडणाऱ्या वस्तूला हवेचा विरोध होतो आणि वेग वाढेल तसा हा विरोध वाढत जातो. शेवटी तो वजनाइतका होतो, आणि मग वेग वाढायचा थांबतो. हा अंतिम वेग. पोट खाली करून पडणाऱ्या माणसाचा अंतिम वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर असतो. गजाचे वजन ८ पट आणि हवेला अडणारे क्षेत्रफळ ४ पट. म्हणून त्याच्यावरचा विरोध वजनाइतका व्हायला वेगाचा वर्ग दुप्पट व्हावा लागतो. म्हणजे वेग सुमारे १.४ पट, ताशी २८० किलोमीटर. तेव्हा येथे पहिला मुलगा बरोबर होता.

खरी गंमत पुढे आहे. सर्वांना हवाई छत्री एकाच मापाची दिली, तर काय होईल? साधा माणूस सेकंदाला ५ मीटर वेगाने उतरेल अशी छत्री घेऊ. सव्वा मीटर उंचीच्या गडग्यावरून उडी मारल्यावर पाय जितक्या जोरात टेकतात, तितका हा वेग. गजाचे वजन ८ पट, छत्री मात्र तीच. त्याचा वेग ८ च्या वर्गमूळाइतक्या, म्हणजे सुमारे २.८ पटीने वाढेल. सेकंदाला १४ मीटर. हे १० मीटर उंचीवरून, म्हणजे उंच माडाच्या निम्म्या-अधिक उंचीवरून पडण्यासारखे झाले. गज लवकर पोहोचेल, पण खेळायला उरेल की नाही, सांगता येत नाही!

या विषयावर १९२६ साली जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक सुरेख निबंध लिहिला. प्रत्येक प्राण्याला त्याचे असे योग्य आकारमान असते आणि आकारमान बदलले की रचनाही बदलावी लागते, हे त्यात त्याने सोप्या भाषेत सांगितले आहे. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

भूक आणि उकाडा यांच्याविषयी थोडक्यातच सांगतो. प्राण्याच्या शरीराला लागणारी ऊर्जा वजनाच्या थेट प्रमाणात वाढत नाही, काहीशी कमी वाढते. ८ पट वजनाला सुमारे पावणेपाच पट ऊर्जा लागते. म्हणजे गजाला पाच माणसांचा भात हवा. ही सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होऊन त्वचेवाटे बाहेर पडणार, आणि त्वचा मात्र ४ पटच वाढलेली. मे महिन्यात आपल्याकडे घाम वाळत नाही हे तुम्हांला माहीत आहे. गजाचे हाल विचारू नका. हत्ती पंख्यासारखे कान उगीच बाळगत नाही.

मोर-नीला बंदूक झेपेल का?

आता तिसरा प्रश्न. मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण त्यावरून एका खेळाडूला मागे बसवले जात होते.

गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. संवेगाच्या अक्षय्यतेचा हा नियम तुम्ही शिकला आहात. गोळी ८ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला ७०० मीटर धरू. तिचा संवेग ०.००८ × ७०० = ५.६ एकक. (नळीतून निघणाऱ्या वायूचा संवेग सोपेपणासाठी सोडून देऊ.) तेवढाच संवेग मागच्या दिशेला मिळणार. ४ किलोची बंदूक सैल धरली तर ती सेकंदाला १.४ मीटर वेगाने खांद्यावर आदळेल आणि चांगलीच लागेल. पण ती खांद्याला घट्ट टेकवली, तर हा संवेग बंदूक आणि माणूस या दोघांच्या मिळून वस्तुमानाला वाटला जातो.

मोर-नी ५० किलोची असेल तर ५.६ भागिले ५४, म्हणजे सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर वेग. ६० किलोचा मुलगा असेल तर ५.६ भागिले ६४, म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर. दहा आणि नऊ! एवढ्या फरकावरून कोणाला मागे बसवायचे? गजाचा वेग सव्वा सेंटिमीटरच्याही आत येतो हे खरे, पण वाद गजाशी तुलना करण्याचा नव्हताच. मुली हलक्या म्हणून त्यांना जमणार नाही, असे म्हणणे होते. ते या गणितात टिकत नाही.

बंदूक सेकंदाला १० गोळ्या झाडत असेल तर? मग सेकंदाला ५६ एकक संवेग, म्हणजे सरासरी ५६ न्यूटन बल खांद्यावर पडेल. हे पावणेसहा किलो वजनाच्या ओझ्याइतके आहे. ज्या मुली विहिरीवरून दहा लिटरची कळशी कमरेवर घेऊन चढण चढतात, त्यांना हे बल जड जाईल असे मला वाटत नाही. फक्त थोडे पुढे झुकून उभे राहावे लागेल.

नेम बिघडतो तो मुख्यतः वेगळ्या कारणाने. नळी खांद्याच्या टेकूपेक्षा किंचित वर असते. त्यामुळे मागचा धक्का बंदुकीला नुसता ढकलत नाही, तर फिरवतोही, आणि नळीचे तोंड वर उचलले जाते. हे आवरायचे ते धरण्याच्या पद्धतीने आणि सरावाने. वजनाचा त्यात वाटा लहान आहे.

हे ऐकल्यावर ती मुलगी हसली. मुले मात्र लगेच दुसऱ्या वाटेने आली. "पण सर, खेळात मोर-नी खरीच कमजोर आसा. आमी दहा डाव खेळलंव, सात गजान जिंकले!"

दहापैकी सात

आता आपण निसर्ग सोडून खेळाच्या आकड्यांत आलो. तेथे गुरुत्वाकर्षण उपयोगाचे नाही, मोजणी उपयोगाची आहे.

दहापैकी सात, हा पुरावा केवढा? एक नाणे घ्या आणि दहा वेळा उडवा. नाण्यात काही खोट नाही. तरी सात किंवा अधिक वेळा छाप पडण्याची शक्यता किती? दहा वेळा उडवण्याचे एकूण १०२४ प्रकार होतात. त्यांत सात छापा येण्याचे १२०, आठ येण्याचे ४५, नऊचे १० आणि दहाचा १. बेरीज १७६. म्हणजे शंभरात सुमारे १७ वेळा चांगले नाणेसुद्धा असे वागेल. वर्गातल्या तीस मुलांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवले, तर पाचेक मुलांना आपले नाणे 'छापाचे' आहे असे वाटेल! पण शंभरपैकी सत्तर किंवा अधिक छापा पडल्या, तर मात्र गोष्ट वेगळी. चांगल्या नाण्याकडून असे होण्याची शक्यता एक लाखात चारच्या आसपास आहे. दोन्ही वेळा प्रमाण सत्तर टक्केच, पण पहिल्यावरून काही सिद्ध होत नाही आणि दुसऱ्यावरून पुष्कळ होते.

दुसरी अडचण अधिक चोरटी आहे. गज कोण घेत होते? जे सर्वांत जास्त खेळलेले ते. मग जिंकला कोण, गज की गज घेणारा? यावर उपाय सोपा आहे: निम्मे डाव झाल्यावर पात्रांची अदलाबदल करायची. जो गज घेत होता त्याने मोर-नी घ्यायची. दोन्ही हातांत गजच जास्त जिंकला, तर गजाला झुकते माप आहे असे म्हणता येईल. ही अट मुलीने ताबडतोब मान्य केली. मुलांनी जरा वेळाने केली.

आकडे कसे फसवतात, याचे आणखी एक उदाहरण पाहा. समजा, एका पात्राची सोसण्याची ताकद १०० आहे आणि दुसऱ्याची १०१. फरक अवघा एक टक्का. आणि प्रत्येक गोळीने २५ कमी होतात. पहिले पात्र चौथ्या गोळीला बाद. दुसऱ्याजवळ चार गोळ्यांनंतर एक उरतो, म्हणून त्याला पाचवी गोळी लागते! दोन गोळ्यांमध्ये ०.१ सेकंद जात असेल, तर पहिले पात्र ०.३ सेकंदात बाद होईल आणि दुसरे ०.४ सेकंदात. एक टक्क्याच्या फरकाने आयुष्य एक-तृतीयांशाने वाढले. उलट ताकद १०१ वरून १२५ केली, तरी फरक काहीच नाही, पाचच गोळ्या. म्हणून "याची ताकद जास्त" असे नुसते म्हणून भागत नाही, समोरच्याची गोळी केवढी हेही पाहावे लागते.

आणि मनाचा कल? तो तर सगळ्यांनाच असतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. खरे लेखक होते जयंत विष्णू नारळीकर! आपले नाव पाहून परीक्षकांचे मत बनू नये, म्हणून त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव घेतले, आणि अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. औषधांची परीक्षा घेतानाही हीच युक्ती वापरतात: खरे औषध कोणाला दिले आणि साखरेची गोळी कोणाला दिली, हे रोग्याला आणि तपासणाऱ्या डॉक्टरालाही कळू देत नाहीत. तेव्हा दोन पात्रांपैकी कोणाची उडी उंच दिसते, हे एखाद्या मित्राला विचारायचे असेल, तर पात्रांची नावे झाकून विचारा.

पात्र 'शूर' आहे की 'आपमतलबी', यावरही मुले भांडत होती. तेथे मी पंच व्हायचे नाकारले. ते कथा लिहिणाऱ्याने ठरवायचे आणि वाचणाऱ्याने पारखायचे. शौर्य कोणत्या एककात मोजायचे?

एक नवे पात्र

निघता निघता त्याच मुलीने स्वतःचे एक पात्र सुचवले. आपल्या पुळणीवर बिळे करून राहणारे, चाहूल लागताच तिरपे पळणारे पांढुरके खेकडे तुम्ही पाहिले असतील. तसा माणसाएवढा खेकडा! हे गणित तुम्ही करून पाहा, मी सुरुवात करून देतो.

खेकडा ३ सेंटिमीटर रुंद आणि १५ ग्रॅम वजनाचा धरा. त्याला १.८ मीटर रुंद करायचा, म्हणजे ६० पट. वजन ६० चा घन, म्हणजे २,१६,००० पट. हे झाले ३२४० किलो. पायांचे छेदक्षेत्र मात्र ६० चा वर्ग, म्हणजे ३६०० पटच. तेव्हा त्या काडीसारख्या पायांवरचा ताण ६० पट! शिवाय वाढताना खेकडा कात टाकतो आणि नवे कवच टणक होईपर्यंत तो मऊ असतो. तीन टनांचा मऊ खेकडा वाळूवर उभा राहील की पसरेल? आणि कल्ल्यांतून त्याला पुरेसा प्राणवायू मिळेल का?

हाच खेकडा पाण्यात सोडला, तर मात्र काही आशा आहे, कारण आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे पाणी त्याचे बरेचसे वजन पेलून धरील. निसर्गानेही तसेच केलेले दिसते. जपानजवळच्या खोल समुद्रात राहणाऱ्या एका खेकड्याचे पाय पसरले, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर साडेतीन मीटरांच्याही वर जाते. जमिनीवर राहणाऱ्यांत सर्वांत मोठा म्हणजे नारळ-खेकडा. तो आपल्या निकोबार बेटांवर सापडतो, माडावर चढतो, आणि त्याचे वजन फार झाले तर ४ किलोच्या आसपास भरते.